पन्नास हजारांत पहिलं सोन्याचं नाणं : एका खरेदीचा पूर्ण हिशेब

भुसावळची एक नोकरदार महिला. भिशी लागली, हातात ५०,००० रुपये आले आणि त्यातून पहिल्यांदाच स्वतःच्या कमाईचं सोनं घ्यायचं ठरलं. दागिना नको, नाणं हवं. अक्षय्य तृतीया दहा दिवसांवर आणि जळगावचा सराफ बाजार तासाभराच्या आत. व्यक्ती नमुन्यादाखल उभी केली आहे, पण तिच्यासमोरचे पर्याय रोज कुणा ना कुणासमोर असतात. हिशेबासाठी २४ कॅरेट, ९९९ शुद्धतेच्या (हजार भागांत ९९९ भाग चोख) सोन्याचा भाव जीएसटी सोडून ग्रॅमला १२,००० रुपये धरला आहे. घडणावळ आणि मोडीच्या वजावटीचे आकडेही या प्रकरणापुरतेच आहेत. तुमच्या दिवशीचा भाव आणि तुमच्या पेढीचे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा मांडता येतो, आणि तो मांडावाच.

मोडायची वेळ आली की नाण्याची किंमत खऱ्या अर्थाने कळते. म्हणून निवडही त्याच टोकापासून सुरू करायची. हे सोनं कधी, कुठे आणि कशासाठी मोडलं जाईल? या खरेदीदाराचं उत्तर स्पष्ट होतं. निदान चार-पाच वर्षं हात लावायचा नाही. मध्येच अडचण आली, तर सगळं न मोडता अर्धंच मोडता यावं. अडचण आलीच नाही, तर त्यात भर घालून मंगळसूत्राच्या वाट्या करायच्या. मोडायचं ठिकाण जळगाव किंवा भुसावळ, मुंबई नव्हे. पुढचे सगळे निर्णय यावरूनच झाले.

पन्नास हजारांत किती ग्रॅम बसतात

पहिला घोटाळा साध्या भागाकारात होतो. ५०,००० भागिले १२,००० म्हणजे ४.१६ ग्रॅम, तेव्हा ४ ग्रॅम आरामात येतील, असं वाटतं. पण नाण्यावर ३ टक्के जीएसटी लागतो आणि तो सोन्याची किंमत अधिक घडणावळ या एकूण रकमेवर लागतो. म्हणून आधी ५०,००० ला १.०३ ने भागायचं. उरतात ४८,५४३ रुपये. सोनं आणि घडणावळ मिळून एवढ्यातच बसवायचं. ४ ग्रॅम सोन्याचे ४८,००० गेले की घडणावळीसाठी ५४३ रुपये राहतात. ५ ग्रॅमचं नाणं तर विचारातच घ्यायला नको.

ही मर्यादा आधी माहीत असली की दुकानात गोंधळ उडत नाही. नाही तर ‘थोडे वर घाला, ५ ग्रॅमचं घ्या, घडणावळ कमी पडते’ हा सल्ला हमखास मिळतो. सल्ला खोटा नसतो, मोठ्या नाण्यावर ग्रॅममागे घडणावळ कमीच पडते. पण सीलबंद ५ ग्रॅमच्या नाण्याचा हिशेब ६०,००० अधिक ३ टक्के घडणावळ अधिक जीएसटी मिळून ६३,६५४ रुपये झाला. वरचे साडेतेरा हजार उसने घेऊन किंवा क्रेडिट कार्डावर ठेवून घडणावळीतले काहीशे रुपये वाचवणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

दुसरा घोटाळा भाव विचारताना होतो. फोनवर एका पेढीने १२,३६० सांगितले, दुसरीने १२,०००. पहिली महाग वाटली. प्रत्यक्षात पहिलीचा भाव जीएसटीसह होता, दुसरीचा जीएसटी सोडून. दोन्ही भाव एकच. म्हणून फोनवर विचारायचं ते असं : आजचा भाव किती, तो जीएसटी धरून की सोडून, आणि तो ९९९ चा आहे की ९९५ चा? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. या प्रकरणात निकाल त्याच प्रश्नाने लावला.

समोर आलेले पर्याय

आधी सगळ्यात लहान नाण्यांचा विचार झाला, अर्ध्या ग्रॅमच्या. सात नाणी घेतली तर ‘सात नाणी’ म्हणून मनाला बरं वाटतं आणि हवं तेव्हा एकेक मोडता येतं. पण नाणं केवढंही असो, छाप उठवणं, तपासणी, कार्ड, पॅकिंग यांचा खर्च जवळपास तेवढाच येतो, म्हणून लहान नाण्यावर तो अंगावर येतो. इथे घडणावळ १२ टक्के होती. ६,००० चं सोनं जीएसटीसह ६,९२१ रुपये ६० पैशांना पडलं. सात नाण्यांचे ४८,४५१ रुपये गेले आणि हाती आलं साडेतीन ग्रॅम. त्याच दिवशी ती परक्या पेढीवर ३ टक्के वजावटीने मोडली तर ४०,७४० रुपये येतील. घेतल्या क्षणीच जवळपास १६ टक्के गेले. अर्ध्या ग्रॅमचं नाणं बारशाला किंवा लग्नात भेट म्हणून द्यायला ठीक आहे, स्वतःच्या बचतीसाठी नाही.

मग बँक. बँकेचं नाणं शुद्ध असतं, पॅकिंग चांगलं असतं आणि मनाला विश्वास वाटतो. पण बँका विकलेलं नाणं परत घेत नाहीत. मोडायला सराफाकडेच जावं लागतं आणि त्याच्या लेखी ते दुसऱ्याकडचं नाणं असतं. इथे २ ग्रॅमचं नाणं २७,१९२ रुपयांना पडत होतं, लगेच मोडल्यास २३,२८० आले असते. बँकेच्या नाण्याचा एक फायदा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. बँका सोनेतारण कर्जासाठी दागिने आणि बँकेतून घेतलेली नाणी सहज घेतात, सराफाकडून घेतलेल्या नाण्यांना अनेकदा नकार देतात. नाणं तारण ठेवूनच पैसे उभे करायचा बेत असेल, तर खरेदीच्या आधी आपल्या शाखेत विचारून घ्यावं. या खरेदीदाराला तशी गरज नव्हती.

सीलबंद, ९९९.९ शुद्धतेचं, क्रमांक असलेल्या कार्डातलं नाणं हा सगळ्यात स्वच्छ पर्याय. एमएमटीसी-पॅम्पसारख्या रिफायनऱ्यांची अशी नाणी मोठ्या दालनांत मिळतात. अशोकचक्र आणि महात्मा गांधींची छाप असलेलं सरकारी भारतीय सुवर्ण नाणंही नोव्हेंबर २०१५ मध्ये आलं, पण त्याची सुरुवातच ५ आणि १० ग्रॅमपासून झाली. दालनात २ ग्रॅमच्या सीलबंद नाण्यावर साडेचार टक्के आणि १ ग्रॅमच्या नाण्यावर ६ टक्के घडणावळ होती. दोन-दोन ग्रॅमची दोन नाणी ५१,६६५ रुपये, चार एक-एक ग्रॅमची ५२,४०६ रुपये. दोन्ही हिशेब बजेटबाहेर गेले. बसत होतं ते २ ग्रॅम आणि १ ग्रॅम, एकूण ३८,९३४ रुपये. म्हणजे चौथा ग्रॅम हातचा जाऊन ११,०६६ रुपये पडून राहत होते. मोडताना ते दालन स्वतःच्या सीलबंद नाण्यावर २ टक्के वजा करणार होतं, म्हणजे खरेदी-मोडीतला फरक ९.४ टक्के. जिला पुढे पुण्यात, मुंबईत किंवा आणखी कुठे जाऊन मोडावं लागेल, तिने हा फरक सोसून सीलबंद नाणंच घ्यावं. कारण त्याची ओळख कुठेही पटते. जिचा सराफ ठरलेला आहे, तिला एवढा फरक सोसायची गरज नाही.

लक्ष्मीची छाप असलेलं २२ कॅरेटचं ४ ग्रॅमचं नाणं सगळ्यात जास्त मोहात पाडणारं होतं, कारण ते बजेटमध्ये बसत होतं. ११,००० च्या भावाने ४४,००० रुपये, ५ टक्के घडणावळ आणि जीएसटी मिळून ४७,५८६. बिलावर ‘४ ग्रॅम’ लिहिलेलं असलं तरी त्यात शुद्ध सोनं ३.६६ ग्रॅमच असतं. अडचण तीही नाही. भाव २२ कॅरेटचा लावला असेल तर तेवढ्याच सोन्याचे पैसे जातात. अडचण ओळखीची आहे. नाण्यावर बीआयएस हॉलमार्क (भारतीय मानक ब्युरोचा शुद्धतेचा शिक्का) फक्त ९९९ आणि ९९५ शुद्धतेसाठी आणि तोही परवानाधारक रिफायनरी किंवा टांकसाळीकडूनच होतो. २२ कॅरेटचं नाणं दुसरीकडे नेलं की ते मोडीचं सोनं ठरतं, टंच काढला जातो, म्हणजे शुद्धता तपासली जाते, आणि वजावट जास्त होते. इथे ३ टक्के वजा जाता ४२,६८० आले असते. दहा टक्क्यांहून जास्त फरक. २२ कॅरेटमध्ये पैसे घालायचेच असतील तर दागिना घ्यावा, तो निदान अंगावर घालता तरी येतो.

आत्याचा सल्ला वेगळा होता : वेढणी घे. चोख सोन्याचं वळं घेऊन ठेवायची आपल्याकडची ही जुनी पद्धत. छाप उठवायची नसल्याने घडणावळ नाण्यापेक्षा कमी असते, आणि गरज पडली तर सराफ हवा तेवढा तुकडा तोडूनही घेतो. सल्ला चुकीचा नाही. ठरलेल्या पेढीवरच घ्यायचं आणि तिथेच मोडायचं असेल तर वेढणी नाण्याच्या तोडीची आहे. पण पहिलीच खरेदी आणि पेढीशी ओळख नवी असेल, तर ज्यावर वजन, शुद्धता आणि पेढीची खूण स्पष्ट उठलेली आहे असं नाणं हाती असलेलं बरं.

निकाल लावणारा प्रश्न

शेवटचा पर्याय बाजारातल्या एका जुन्या पेढीचा. पेढीचं स्वतःचं २४ कॅरेटचं नाणं, शुद्धता ९९५, घडणावळ टक्क्यांत नव्हे तर नाण्यामागे सरसकट ३५० रुपये. स्वतःचं नाणं मोडताना त्या दिवशीच्या भावातून १ टक्का वजा.

पेढीवर पहिला हिशेब असा मांडला गेला : २ ग्रॅमचे २४,०००, घडणावळ ३५०, जीएसटी ७३०.५०, एकूण २५,०८०.५०. दोन नाण्यांचे ५०,१६१ रुपये. बजेटच्या १६१ रुपये वर.

भाव ९९९ चा लावला होता आणि नाणं ९९५ चं होतं, ही गोष्ट इथे पकडली गेली. दोन्हींना २४ कॅरेटच म्हणतात, त्यामुळे गल्ल्यावर फरक दिसत नाही. १२,००० ला ९९५ ने गुणून ९९९ ने भागलं की ९९५ चा भाव येतो ११,९५२. ग्रॅममागे फक्त ४८ रुपये. पण चार ग्रॅमवर, जीएसटी धरून, १९७.७६ रुपये. नवा हिशेब असा झाला : २ ग्रॅमचे २३,९०४, घडणावळ ३५०, मिळून २४,२५४, त्यावर जीएसटी ७२७.६२, एकूण २४,९८१.६२. दोन नाण्यांचे ४९,९६३.२४. घासाघीस न करता, फक्त योग्य भाव लावायला सांगून, दोन्ही नाणी बजेटमध्ये बसली.

पेढी ९९५ चा भाव लावायला तयार नसती, तर दुसरा रस्ता घडणावळीचा होता. नाण्यामागे ३५० ऐवजी २७० घेतले असते तर ९९९ च्या भावानेही दोन नाणी ४९,९९६ रुपयांत येत होती. बोलणी करायची ती घडणावळीवर. भाव बाजाराचा असतो, त्यावर सराफाचाही फार हात चालत नाही. घडणावळ मात्र त्याच्या हातात असते. ‘किती कमी कराल’ असं मोघम विचारण्यापेक्षा ‘नाण्याला २७० धरा, दोन आत्ताच घेते’ असं आकड्यासह विचारलं की उत्तर लवकर मिळतं.

त्याच पेढीवर ४ ग्रॅमचं एकच नाणं घेतलं असतं तर ४९,६०२.७४ रुपये पडले असते, म्हणजे ३६०.५० रुपये कमी. तरीही दोन-दोन ग्रॅमची दोन नाणी निवडली. अडीनडीला पंचवीसेक हजारांची गरज असते तेव्हा ४ ग्रॅमचं नाणं पूर्णच मोडावं लागतं. ३६० रुपयांत अर्धं सोनं घरात राहण्याची सोय होत असेल तर ते पैसे वाया गेले असं म्हणता येणार नाही. त्याउलट चार एक-एक ग्रॅमची नाणी घेतली असती तर घडणावळच चौपट, १,४०० रुपये झाली असती. दोन भाग पुरेसे होते.

आता मोडीचा हिशेब. भाव तोच राहिला आणि त्याच पेढीवर मोडलं, तर ४७,८०८ मधून १ टक्का वजा जाऊन ४७,३२९.९२ रुपये येतात. फरक २,६३३ रुपये, म्हणजे ५.३ टक्के. त्यातला मोठा वाटा जीएसटीचा, १,४५५ रुपये. तो ग्राहकाला कोणत्याही मार्गाने परत मिळत नाही. ९९५ चा भाव ११,९५२ वरून साधारण १२,६१७ पर्यंत, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या वर चढला की मुद्दल सुटते. परक्या पेढीवर ३ टक्के वजावटीने ४६,३७४ येतात, फरक ७.२ टक्के. म्हणूनच सहा महिन्यांत पैसे लागणार असतील तर ते सोन्यात घालू नयेत, मुदत ठेव बरी.

पेढीवर काय काय तपासलं

मुहूर्ताच्या दिवशी पेढीवर पाय ठेवायला जागा नसते, कारागीर आणि मुनीम दोघेही घाईत असतात. म्हणून भाव आणि अटी दोन दिवस आधी जाऊन ठरवल्या आणि अक्षय्य तृतीयेला फक्त खरेदी केली. साडेतीन मुहूर्तांतला दिवस साधायचा आणि तपासणीही नीट करायची, तर हाच मार्ग आहे. घडणावळीवरची सणाची सूट बघताना मूळ घडणावळ आधी विचारून ठेवलेली असावी, म्हणजे सूट खरी की वाढवून दिलेली ते कळतं.

वजन पॅकिंग काढून घ्यायचं. सराफाचा काटा मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा असावा, म्हणजे आकडा २.००० असा तीन दशांशांत दिसला पाहिजे. काटा रिकामा असताना ०.००० दाखवतो ना ते आधी बघावं आणि वैधमापन शास्त्र विभागाचा पडताळणीचा शिक्का चालू वर्षाचा आहे का तेही. पंख्याचा वारा लागला तरी शेवटचा आकडा हलतो, म्हणून काट्याची काचेची झाकणं लावायला सांगावं. यात संकोच कशाला? चांगला सराफ स्वतःच लावतो.

शुद्धतेसाठी पेढीच्या कॅरेटमीटरवर नाणं समोर ठेवून घेतलं आणि वाचन ९९५ च्या आसपास आलं. हे यंत्र क्ष-किरणांनी पृष्ठभागाचा पातळ थर वाचतं, त्यामुळे वरचा थर चांगला आणि आत काही वेगळं असेल तर ते सांगू शकत नाही. त्यासाठी जोडीला माप घ्यायचं. चोख सोन्याची घनता प्रति घन सेंटिमीटर १९.३ ग्रॅमच्या आसपास असते. २ ग्रॅम सोन्याचं आकारमान साधारण १०४ घन मिलिमीटर भरतं. नाण्याचा व्यास १५ मिलिमीटर असेल तर सरासरी जाडी ०.६ मिलिमीटरच्या आसपास यायला हवी. तेवढ्याच वजनाचं आणि व्यासाचं नाणं चांदीवर मुलामा चढवलेलं असेल तर जाडी १.१ मिलिमीटरच्या आसपास जाईल, तांबं-पितळेचं असेल तर १.३ पर्यंत. व्हर्नियर कॅलिपरने हा फरक लगेच कळतो. कडेची पट्टी उंच असते, त्यामुळे काठावरचं माप थोडं जास्त येतं, तेवढी सूट धरायची. टंगस्टनची घनता सोन्याइतकीच असल्याने ते या मापात पकडलं जात नाही, पण दोन ग्रॅमच्या नाण्यात ती लबाडी करण्यात मिळकत फारशी नाही. इथे खरा धोका असतो तो ९९५ म्हणून ९८० किंवा ९६० देण्याचा, आणि तो कॅरेटमीटर दाखवतो. अंतिम शब्द भट्टीत आटवून काढलेल्या टंचाचा. त्यासाठी नमुना काढावा लागतो, म्हणून मोठ्या रकमेशिवाय कुणी तिथवर जात नाही.

हॉलमार्कबद्दल गैरसमज खूप आहे. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्ती आली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (प्रत्येक वस्तूचा स्वतंत्र ओळख क्रमांक) बंधनकारक झाला, तो दागिने आणि सोन्याच्या कलाकुसरीच्या वस्तूंसाठी. नाणी आणि लगड त्या सक्तीतून वगळलेली आहेत. त्यामुळे नाण्यावर एचयूआयडी नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. पण सक्ती नाही म्हणूनच बिलाचं महत्त्व दुप्पट होतं.

बिलावर पुढच्या गोष्टी वेगवेगळ्या लिहून घेतल्या : दोन्ही नाण्यांचं वजन स्वतंत्रपणे तीन दशांशांत, शुद्धता ‘९९५’ (नुसतं ‘२४ कॅरेट’ नाही), लावलेला भाव, घडणावळ, जीएसटी, पेढीचा जीएसटी क्रमांक आणि खरेदीदाराचं नाव. त्याखाली पेढीच्या शिक्क्यासह एक ओळ : ‘हे नाणे परत आणल्यास त्या दिवसाच्या ९९५ च्या भावातून १ टक्का वजा करून रोख किंमत दिली जाईल.’ यातला ‘रोख’ हा शब्द आग्रहाने लिहून घ्यावा. काही पेढ्या पूर्ण भाव देण्याचं आश्वासन देतात, पण ते दागिना बदलून घेण्यापुरतंच असतं. पैसे मागितले की वजावट वेगळी.

पैसे यूपीआयने दिले. क्रेडिट कार्डावर दीड-दोन टक्के जादा मागितले जातात, म्हणजे घडणावळीत वाचवलेलं तिथे जातं. बिल थर्मल कागदावर छापलं असेल तर वर्ष-दीड वर्षात अक्षरं उडतात. त्याच दिवशी फोटो आणि झेरॉक्स काढून ठेवावी.

जे पर्याय बाजूला ठेवले

अकरा महिन्यांची सुवर्ण बचत योजना याच पेढीने पुढे केली होती. कंपनी स्वरूपातल्या पेढ्यांना आगाऊ घेतलेली रक्कम ३६५ दिवसांत मालात फेडावी लागते, म्हणून या योजना अकरा महिन्यांच्या असतात. अशा योजनांतला फायदा बहुतेक वेळा दागिन्याच्या घडणावळीवर मिळतो आणि अनेक ठिकाणी नाणं त्यातून वगळलेलं असतं. हातात एकरकमी पैसे असताना तिचा उपयोग नव्हता. मोबाइल ॲपवरचं डिजिटल सोनंही सोडून दिलं. त्यावरही ३ टक्के जीएसटी लागतोच, खरेदी आणि विक्रीच्या भावात फरक असतो, आणि शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे की ते तिच्या नियमनाखाली येत नाही.

घरी आणल्यावर

चोख सोनं मऊ असतं. बोटांत फिरवलं, दुसऱ्या नाण्यावर घासलं तरी ओरखडे उठतात. दोन नाणी एकाच डबीत सुटी ठेवू नयेत, प्रत्येकाला स्वतंत्र कागदी पाकीट किंवा प्लॅस्टिकची गोल डबी. लक्ष्मीपूजनाला चौरंगावर ठेवायची तर डबीसकट ठेवावीत. हळद-कुंकू थेट नाण्यावर वाहिलं असेल तर साध्या पाण्याने धुवून मऊ कापडाने टिपून घ्यावं, भांडी घासायची पावडर किंवा ब्रश लावू नये. छापेच्या खाचांतून घासलेलं सोनं काट्यावर कमी दिसतं. सीलबंद कार्ड असेल तर ते पूजेसाठीही फोडायचं नाही, फोडलं की दुसऱ्या पेढीवर ते सुटं नाणं धरलं जातं.

केवळ या चार ग्रॅमसाठी बँकेत नवा लॉकर घेऊ नये. वार्षिक भाडंच पुढच्या नाण्याच्या घडणावळीपेक्षा बरंच जास्त होईल. घरातल्या कुणाचा लॉकर आधीच असेल तर त्यात ठेवावं.

वाट्या करायच्या झाल्या तर

या नाण्यांचं पुढे मंगळसूत्र करायचं ठरलं, तर ४ ग्रॅम ९९५ मध्ये ३.९८ ग्रॅम शुद्ध सोनं आहे. २२ कॅरेटमध्ये त्याचं ४.३४५ ग्रॅम होतं. नाणं देऊन तयार दागिना घेतला तर नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर पुन्हा ३ टक्के जीएसटी लागतो. आजच्याच भावाने तो केवळ सोन्यावर १,४३४ रुपये होईल, म्हणजे खरेदीच्या वेळी भरलेला कर पुन्हा एकदा भरल्यासारखं. त्याऐवजी आपलंच सोनं कारागिरीला देऊन घडवून घेतलं तर कर फक्त घडणावळीवर, ५ टक्के दराने लागतो. घडणावळ ६,००० रुपये असेल तर ३०० रुपये. सगळ्या पेढ्या अशी कामं घेत नाहीत, घेतात त्यांच्याकडे सोनं देताना वजन आणि शुद्धता लिहून घ्यावी, आटणी समोर करून घ्यावी आणि आटणीत-घडणीत किती घट धरणार ते आधीच ठरवावं. दागिना तयार झाल्यावर, २ ग्रॅमच्या वरचा असेल तर, त्यावर हॉलमार्क आणि एचयूआयडी करून मागावा आणि बीआयएस केअर ॲपवर तो टाकून पाहावा.

विकायचीच वेळ आली तर बिलावरची तारीख बघावी. खरेदीला २४ महिन्यांहून जास्त काळ झाला असेल तर नफ्यावर १२.५ टक्के दराने दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर लागतो. त्याआधी विकलं तर नफा उत्पन्नात धरला जाऊन आपल्या टप्प्याच्या दराने कर पडतो. नफा काढताना घडणावळ आणि जीएसटीसह दिलेली पूर्ण रक्कम खरेदी किंमत म्हणून दाखवायला बिलच लागतं. दोन नाण्यांपैकी एकच मोडलं, तर मूळ बिल पेढीवर सोडून यायचं नाही. झेरॉक्सवर ‘पैकी एक नाणे मोडले’ असं पेढीकडून लिहून घ्यायचं आणि मूळ प्रत दुसऱ्या नाण्याबरोबर परत पाकिटात ठेवायची.